मदत हवी आहे: नवा सेन्सर टाकूनही एबीएसचा दिवा जाईना

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ची पेट्रोल हॅचबॅक, ८१ हजार किमी झालेत. रोज अंबाजोगाई-लातूर ये-जा आणि सुट्टीला शेत. शेताची वाट म्हणजे काळं रान, पाऊस झाला की गाडी मणभर चिखल घेऊनच घरी येते.

पोळ्याच्या आठवड्यात पुढच्या डाव्या चाकातून घूं घूं आवाज यायला लागला, वेग वाढला की तोही वाढायचा. बेअरिंग गेलं होतं. इथल्याच एका गॅरेजात प्रेसवर बदलून घेतलं. आवाज गेला, पण दुसऱ्या दिवशी रेणापूरच्या अलीकडे बघतो तर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा पेटलेला.

चावी फिरवली की दिवा लागतो आणि दोन-तीन सेकंदांत विझतो, म्हणजे विझायला पाहिजे तसाच. गाडी वीसच्या पुढं गेली की परत लागतो, मग बंद करून चालू करेपर्यंत हटत नाही. ब्रेक नीट लागतात. लाल दिवा नाही, ब्रेक ऑइल पातळीवर आहे.

माझा ब्लूटूथवाला स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड दाखवतो. लातूरला मोठा स्कॅनर लावून घेतला, कोड आला सी००३५, म्हणजे पुढचं डावं चाक. मेस्त्री म्हणाले त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर मेला. नवा टाकला, दोन हजारांच्या वर गेले, दिवा तसाच. आता म्हणायलेत मॉड्युलच, म्हणजे एबीएस चालवणारा कॉम्प्युटरच गेलाय. त्याची किंमत ऐकली आणि गाडी घेऊन सरळ घरी आलो.

जुना सेन्सर मल्टिमीटरवर धरला तर एकीकडून एक आकडा, पिना उलट्या धरल्या की दुसराच. वायर उंदरांनी कुरतडली का तेही पाहिलं, शाबूत आहे. मॉड्युलच्या आधी अजून काय बघू?

प्रतिसाद १

भाऊ, मॉड्युलला हात लावू नका, आणि जुना सेन्सर फेकू नका. तो बहुतेक चांगलाच आहे.

जुन्या पद्धतीचे सेन्सर म्हणजे नुसतं चुंबक आणि कॉइल. त्यांचे ओहम मोजता येतात, साधारण हजाराच्या आसपास भरतात. तुमचा तसा दिसत नाही. पिना उलट्या केल्यावर आकडा बदलतो म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक्स आहे. त्याला गाडीकडून व्होल्टेज लागतं, ओहमवरून त्याचं काही कळत नाही.

खरी खूण तुमच्या दिव्यातच आहे. वायर तुटली असती तर चावी फिरवल्यावर दिवा विझलाच नसता. तुमचा विझतो आणि गाडी पळाली की लागतो. म्हणजे वायर जागेवर आहे, फक्त फिरण्याचा सिग्नल येत नाही. गाडी पळत असताना स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे प्रत्येक चाकाचा त्या क्षणीचा वेग बघा: तीन चाकं ३० दाखवतील, हे शून्य.

आणि बेअरिंग बदलल्यावरच हे का सुरू झालं? अशा बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच (कडेच्या झाकणात) चुंबकी पट्टी असते, तिच्यावरूनच सेन्सरला चाक फिरल्याचं कळतं. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्याच. बेअरिंग उलटं बसलं की सेन्सरसमोर नुसतं साधं सील येतं, मग सेन्सर शंभर बदला. सेन्सर काढून त्या भोकातून दोऱ्याला बांधलेली टाचणी सोडा. उजव्या चाकालाही तसंच करा, म्हणजे फरक कळेल. तोवर ओल्या रस्त्यावर जपून, जोरात दाबलं की चाक जाम होईल.

धागाकर्ता

आत्ताच केलं. उजवीकडे टाचणी हलकेच ओढली जाऊन चिकटली. डावीकडे तीनदा सोडली, तिन्ही वेळा नुसती लोंबत राहिली. आता तेच बेअरिंग काढून सुलटं बसवता येईल का?

प्रतिसाद २

नका बसवू. प्रेसने उपसताना आतल्या गोळ्यांवर दाब येतो, महिन्यात परत घूं घूं. नवंच घ्या, आणि बसवायच्या आधी मेस्त्रींच्या समोर टाचणी लावून चुंबकाची बाजू बघा. ती सेन्सरकडे.

धागाकर्ता

ठीक. शनिवारी जातो, टाचणी खिशात घेऊनच.