शब्दचर्चा: मळसूत्री अक्ष, अवकाश गट आणि षट्कोनी स्फटिक

विद्यार्थिनी, जळगाव:
नमस्कार. मी एमएस्सीला आहे, भौतिकशास्त्र. संध्याकाळी गल्लीतल्या बीएस्सीच्या मुलींना मराठीतून समजावून सांगते. षट्कोनी स्फटिकांच्या धड्यात तीन शब्दांवर गाडी अडली आहे. हाती आलेल्या टिपणांत 'सिमेट्री एलिमेंट'ला 'सममिती मूलद्रव्य' लिहिलंय, 'स्पेस ग्रुप'ला 'अंतराळ गट' आणि 'स्क्रू ॲक्सिस'ला 'पेच अक्ष'. मुली विचारतात, ताई, अंतराळात कुठला गट? योग्य शब्द कोणते?

निवृत्त शिक्षक, धुळे:
बेटा, 'मूलद्रव्य' आधी खोडून टाक. मूलद्रव्य म्हणजे जस्त, तांबं, गंधक. इथे एलिमेंट म्हणजे एखादी रेघ, एखादं प्रतल नाहीतर एखादा बिंदू. त्याला 'सममिती घटक' म्हण. पण तेवढ्यावर थांबू नकोस, खरी गफलत पुढे आहे. अक्ष हा घटक. त्या अक्षाभोवती ६० अंशांनी फिरवणं ही क्रिया. घटक जागच्या जागी असतो, क्रिया आपण करतो. एका फेऱ्यात स्फटिक सहा वेळा आधीसारखाच दिसतो, तो सहापदरी अक्ष. अक्ष एकच, पण त्याच्याभोवती ६०, १२०, १८०, २४०, ३०० अंश अशा पाच क्रिया होतात, आणि काहीच न करणं ही सहावी. गट बनतो तो या क्रियांचा, अक्षांचा नव्हे. मराठी गणितात संचातल्या प्रत्येकालाही आपण 'घटक'च म्हणतो, म्हणून मुलं हमखास घसरतात. मी वर्गात अक्षाला 'घटक' आणि क्रियेला 'गटाचा सदस्य' म्हणायचो. घोळ बराच कमी व्हायचा.

अंतराळ म्हणजे जिथे यान जातं ते. इथे हवा 'अवकाश', म्हणजे मोकळी जागा. 'परीक्षेला अजून अवकाश आहे' म्हणतो ना, तोच शब्द. एक बिंदू हलू न देता स्फटिकावर जेवढ्या क्रिया करता येतात त्यांचे बिंदुगट होतात, ते ३२. त्यांत जागेवरून सरकणं मिसळलं, सगळा अवकाश व्यापला, की अवकाश गट होतात, ते २३०. फेदोरोव्ह आणि शोनफ्लीस या दोघांनी १८९१ साली स्वतंत्रपणे हा आकडा काढला. त्यांतले २७ षट्कोनी.

टर्नर, भुसावळ:
सर, मी तिसऱ्या शब्दावर बोलतो, तो माझ्या हातातला आहे. 'पेच' चूक नाही, पण पेच पतंगाचाही असतो आणि पेचात माणूसही पडतो. मराठीत स्क्रूला 'मळसूत्र' हा नेमका शब्द आहे. ताई, तुमच्या मुलींच्या हातात एक बोल्ट आणि एक नट द्या. नट सहा पैलूंचा. नट फिरवला की तो नुसता फिरत नाही, आट्यांवरून वरही चढतो. आमचा अहिराणी बोलणारा मिस्तरी नव्या पोरांना हेच सांगायचा: "फिरस बी, नि चढस बी." मळसूत्री अक्ष म्हणजे हेच ना?

निवृत्त शिक्षक, धुळे:
अगदी हेच, भाऊ. पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येपेक्षा हे वाक्य मला जास्त आवडलं. फरक एवढाच, की नट सलग फिरतो आणि स्फटिक ठरावीक टप्प्यांनी.

आता जस्त आणि मॅग्नेशियम घे. दोघांचा अवकाश गट एकच, २३०च्या यादीत क्रमांक १९४. लिहायचा P6₃/mmc, वाचायचा असा: पी, सहा-तीन, छेद एम, एम, सी. बरीच मुलं 'त्रेसष्ट' वाचतात, तिथेच अर्थ हरवतो. सहा म्हणजे एका वेळी ६० अंश. पायाशी बारीक लिहिलेला तीन म्हणजे दर टप्प्याला एकक कोष्ठाच्या (ज्याच्या आवृत्त्या रचत गेलं की अख्खा स्फटिक होतो, त्या छोट्या ठोकळ्याच्या) उंचीच्या तीन-षष्ठांश, म्हणजे अर्धी उंची चढायचं. सहा टप्प्यांत एक फेरा पूर्ण होतो आणि आपण तीन कोष्ठ वर पोचतो. मधली तिरकी रेघ हा भागाकार नव्हे. पण 'छेद' हा आपला शब्द इथे चपखल बसतो, कारण तिच्यानंतरचा एम म्हणजे अक्षाला आडवा छेदणारा आरसा. पुढचा एम म्हणजे उभे आरसे. शेवटचा सी म्हणजे आरशात उलटवून अक्षाच्या दिशेने अर्धा कोष्ठ सरकवणारं प्रतल. त्याला कुणी 'घसरण प्रतल' म्हणतं. मला ते पटत नाही, घसरण भावांची होते. 'सर्पण प्रतल' बरं.

विद्यार्थिनी, जळगाव:
सर, मग गारगोटी? ती तर डोळ्यांना सहा बाजूंची दिसते. ती षट्कोनीच ना?

निवृत्त शिक्षक, धुळे:
इथे शब्दच फसवतो. जुन्या मराठीत 'स्फटिक' म्हणजे हीच पारदर्शक गार, स्फटिकाची माळ असते ती. पुढे क्रिस्टल या अर्थाने सगळ्यांनाच ते नाव मिळालं. ही मूळची स्फटिक मात्र बाहेरून षट्कोनी दिसली, तरी नेहमीच्या तापमानाला आतून तिच्यात सहापदरी अक्षच नसतो, तीनपदरी मळसूत्री अक्ष असतो. ५७३ अंश सेल्सिअसच्या वर तापवली, की अणू किंचित सरकतात आणि सहापदरी मळसूत्र येतं. म्हणून मुलींना सांग, 'षट्कोनी' हे पैलू मोजून ठरत नाही, अक्ष पाहून ठरतं. आणि लिहिताना 'कोनी'च लिही. मराठीत 'कोण' हा प्रश्न असतो.

टर्नर, भुसावळ:
सर, आमच्याकडे सुलटे आटे असतात तसे उलटेही असतात. गारेत?

निवृत्त शिक्षक, धुळे:
असतात. गारेचे स्फटिक दोन प्रकारचे, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. एकाचा अवकाश गट क्रमांक १५२, दुसऱ्याचा १५४. जस्ताच्या सहा-तीनला मात्र उलट-सुलट नाही. अर्धा कोष्ठ चढायचा असल्यामुळे डावीकडून फिरवा की उजवीकडून, पोचायचं तिथेच.

विद्यार्थिनी, जळगाव:
काल मुलींबरोबर करून पाहिलं. परातीत मोसंब्यांचा एक थर एकमेकींना चिकटून लावला. दुसरा थर त्यांच्या खोबणींत बसवला, तिसरा पुन्हा पहिल्याच्या बरोबर डोक्यावर. मला वाटत होतं, सहा-तीनचा अक्ष मोसंबीच्या मधोमध जाणार. वरून पाहिलं तर काही खोबणी मोकळ्याच राहिल्या होत्या. त्यांतल्या एकीत खराट्याची काडी सोडली, ती तिन्ही थरांतून सरळ जाऊन परातीला टेकली. काडीभोवती खालच्या थरातल्या तीन मोसंब्या, त्यावरच्या थरातल्याही तीन, पण दुसरा त्रिकोण उलटा. ६० अंश फिरायचं, एक थर चढायचं. अक्ष रिकाम्या जागेतून जातोय, तिथे एकही मोसंबी नाही! आणि मोसंबीच्या मधोमध पाहिलं, तर तिथे नुसतं फिरवून जमेल असा अक्ष तीनपदरीच.

एक मुलगी म्हणाली, ताई, काडी म्हणजे घटक, आणि फिरून चढणं म्हणजे क्रिया. टिपणांत तिन्ही शब्द बदलले आहेत. 'पेच अक्ष'च्या जागी आता 'मळसूत्री अक्ष', आणि कंसात मिस्तरींचं वाक्य, अहिराणीतच.