शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइलऐवजी दुसरं काय चालेल?

वर्तकनगरकर:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे तीन वर्षं जुनी हायब्रिड सायकल आहे, शिमानो एमटी200 चे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. रोज सकाळी उपवन तलावाला फेऱ्या आणि रविवारी येऊरचा डोंगर, एवढं माझं सायकलिंग. गेल्या रविवारी घोडबंदर रोडला गायमुखच्या पुढे मागचं चाक पंक्चर झालं. कडेला सायकल उलटी करून ट्यूब बदलली. सरळ करून बसलो, मागचा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट हँडलला टेकला. तीन-चारदा पंप केलं की थोडा धरतो, पाच मिनिटं सोडला की परत तेच. पुढच्या ब्रेकवर सांभाळत घरी आलो.

ब्लीड करायला, म्हणजे ब्रेकमधली हवा आणि जुनं तेल काढून नवं भरायला लागणार एवढं कळलं. मेडिकलमधून सिरिंज आणि बारीक नळी आणली. अडलंय तेलापाशी. ठाण्यात तीन दुकानं पालथी घातली, दोघांकडचं संपलेलं, तिसऱ्याने "ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल" म्हणत डॉट 3 ची बाटली हातात ठेवली. ती घरी आहे, अजून फोडलेली नाही. आईच्या शिलाई मशीनचं तेल आहे. मेडिकलवाला लिक्विड पॅराफिन देतो म्हणाला, ते पण मिनरल ऑइलच असं कुठेतरी वाचलं. यातलं काय चालेल?

घाईचं कारण सांगतो. येत्या रविवारी मुलीला पहिल्यांदा येऊरला नेतोय. ती बारा वर्षांची आहे. उतरताना ती पुढे आणि मी तिच्या मागे असणार, आणि तेव्हा माझा ब्रेक मला हवा तसा लागलाच पाहिजे.

कोलशेत_रोज:

बेबी ऑइल टाका. माझ्या मित्राने टाकलं होतं, दीड वर्ष काही झालं नाही. गावाकडे एकाने खोबरेल तेल भरलेलंही मी पाहिलंय. मिनरल ऑइल म्हणजे शेवटी पातळ तेलच ना?

पारसिक_चढ:

दादा, आधी ती डॉट 3 ची बाटली परत करा. फोडली नाहीत हे फार बरं केलंत.

मी बेलापूरला राहते, आठवड्यातून तीनदा पारसिक हिल चढते. सहा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या माउंटन बाइकचा पुढचा ब्रेक एका दुकानात ब्लीड करायला दिला होता. तोही मिनरल ऑइलचाच ब्रेक होता. त्यांनी मोटरसायकलचं डॉट 4 भरून दिलं. पहिले चार दिवस ब्रेक इतका छान कडक लागला की मी चार जणांना त्या दुकानाचं नाव सांगितलं. पाचव्या दिवसापासून लिव्हर सोडला की सावकाश परत यायला लागला. मग पॅड रोटरला, म्हणजे चाकावरच्या तबकडीला, घासायला लागले. आणि एका सकाळी पारसिकवरून बेलापूरकडे उतरताना ब्रेक दाबला तो सुटेचना. चाक आवळत चाललेलं, जळका वास, आणि मागून एक टँकर. कशीबशी कडेला घेतली आणि उरलेला उतार सायकल उचलत, ढकलत उतरले.

घरी येऊन लिव्हर उघडला. आतल्या दट्ट्यावर काळ्या रबराचं सील असतं, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. नवं असताना ते घट्ट आणि गुळगुळीत असतं. माझं फुगलं होतं, बोटाला काळं लागत होतं आणि नख टेकवलं की खाच पडून तशीच राहत होती. म्हणजे काय झालं होतं, तर फुगलेल्या सीलमुळे दट्ट्या पूर्ण मागे जात नव्हता. तो मागे गेला नाही की लिव्हरमधल्या तेलाच्या टाकीकडचं बारीक भोक उघडत नाही. भोक बंद, नळीतलं तेल तापून फुगतंय, त्याला जागा एकच, पॅड आणखी आवळायची. कॅलिपरमधली, म्हणजे चाकापाशी पॅड धरणाऱ्या भागातली, सीलही गेली होती. पुढचा ब्रेक लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत नवा घ्यावा लागला.

म्हणून तेल निवडताना मी आधी रबराचा विचार करते. डॉट 3, 4 आणि 5.1 ही ग्लायकॉल जातीची द्रव्यं आहेत, त्यांच्या ब्रेकमध्ये ईपीडीएम रबर असतं. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये साधारणपणे नायट्राइल. नायट्राइलला डॉट खातं, आणि ईपीडीएम मिनरल तेलात फुगतं. दोन्हीकडून नुकसानच. डॉट 5 तर सिलिकॉनचं, ते आकड्यामुळे 5.1 चं भावंड वाटतं पण त्याचा आपल्याशी काही संबंध नाही. शिमानो, मगुरा, टेक्ट्रो यांना मिनरल. होपला आणि हेजच्या बहुतेक ब्रेकना डॉट. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट, पण त्यांच्याच मेवन आणि डीबी8 ला मिनरल, तेव्हा कंपनीच्या नावावरून ठरवू नका, लिव्हरच्या टाकीच्या झाकणावर काय कोरलंय ते वाचा.

आता तुमचे दोन पर्याय. लिक्विड पॅराफिन जातीने बरोबर आहे, सील खाणार नाही. पण घट्ट आहे. मी एकदा करून पाहिलं होतं: एकच सिरिंज, दट्ट्या काढलेला, खाली नळी जोडलेली. आधी शिमानोचं लाल तेल 5 मिली ओतलं आणि घड्याळ लावलं, मग सिरिंज पुसून तेवढंच पॅराफिन. पॅराफिनला तिपटीहून जास्त वेळ लागला. ब्रेकच्या नळीचं आतलं भोक त्या नळीपेक्षा कितीतरी बारीक असतं, तिथे हा फरक लिव्हर परत येताना जाणवतो. आणि मेडिकलमध्ये मागताना जपून: पोट साफ व्हायला देतात ते पांढरं दुधासारखं औषध पॅराफिनचंच असतं, पण त्यात पाणी आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया असतं. ते चुकूनही नको.

मशीनचं तेल पातळ आहे, मिनरलच आहे. नडलेल्या माणसाने त्यावर घरापर्यंत यावं, एवढं मी म्हणेन. त्यात गंज धरू नये, चिकटू नये म्हणून काय काय घातलंय ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. मुलगी पुढे असताना तुम्ही त्यावर येऊर उतरू नये असं मला मनापासून वाटतं.

कोलशेतवाल्या दादांना: बेबी ऑइल दोन तऱ्हेचं मिळतं. एक निव्वळ पॅराफिन आणि सुगंध. दुसरं तीळ, बदाम, ऑलिव्ह, खोबरं असं वनस्पती तेलाचं, आणि आपल्याकडे हे दुसरं भरपूर विकलं जातं. खाद्यतेल हवेने आणि उष्णतेने चिकट होतं. जुन्या तेलाच्या बुधलीच्या तोंडाशी जो डिंकासारखा थर बसतो, तो कॅलिपरच्या आत बसेल. खोबरेल तर 24 अंशांच्या आसपास गोठतं. जानेवारीत न्हाणीघरातली बाटली उन्हात ठेवावी लागते ना, त्याच दिवसांत पहाटे पाचला येऊरला गारवा असतो. मित्राचं नशीब चांगलं होतं.

कळवा_गॅरेज:

ताईंनी सीलचं सांगितलं ते शंभर टक्के. मी मोटरसायकलचं काम करतो, डॉट रोज हातात असतं. त्याच्यात भर एवढीच.

डॉट हवेतलं पाणी ओढतं. कोरडं असताना डॉट 3 ला उकळी 205 अंशाला, डॉट 4 ला 230, 5.1 ला 260, हा कमीत कमी आकडा. पाणी ओढलं की तेच 140, 155 आणि 180 वर येतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली मी फेकून देतो, गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी. मिनरल पाणी ओढत नाही. पण म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी आत गेलंच तर ते तेलात मिसळत नाही, जड असल्याने खाली कॅलिपरमध्ये जाऊन बसतं. सगळ्यात गरम जागा तीच, आणि पाणी 100 ला उकळतं. वाफ झाली की लिव्हर हँडलला. तेव्हा सिरिंज धुतली असेल तर पूर्ण वाळवून मगच वापरा.

लाल रंगावर जाऊ नका. पॉवर स्टिअरिंगचं आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेलही लाल असतं, शिमानोचंही लाल. माझ्याकडे एक जण तेच घेऊन आला होता "रंग जुळतो" म्हणून. फोर्क ऑइल म्हणाल तर 2.5 नंबरचं पातळ असतं आणि लोक वापरतात, पण मोटरसायकलच्या दुकानात तुम्हाला 10, 15, 20 मिळणार. ते घट्ट पडतं.

वर्तकनगरकर:

ताई, दादा, मनापासून आभार. बाटली आज परत केली. दुकानदार आधी नाही म्हणत होता, सील शाबूत पाहून घेतली. टाकीच्या झाकणावरही वाचलं, मिनरल ऑइलच लिहिलंय, तीन वर्षांत कधी नजर गेली नव्हती.

एक विचारायचं राहिलं. परदेशातले लोक सिट्रोएन गाडीचं एलएचएम नावाचं हिरवं तेल वापरतात असं सापडलं. आता सिट्रोएन आपल्याकडेही आहे, तर शोरूममध्ये मिळेल का?

कळवा_गॅरेज:

एलएचएम खरोखर मिनरल जातीचं आहे, आणि स्वस्त पर्याय म्हणून तिकडे बरेच जण सायकलच्या ब्रेकला वापरतात हेही खरं. पण ते जुन्या सिट्रोएनच्या तेलावर चालणाऱ्या सस्पेन्शनसाठी होतं. पुढे 2001 च्या सी5 पासून त्यांनी एलडीएस आणलं, ते केशरी असतं, सिंथेटिक असतं आणि एलएचएमच्या जागी चालत नाही. आपल्याकडे कंपनी 2021 मध्ये आली, त्या गाड्यांत ते सस्पेन्शनच नाही. शोरूममध्ये विचारून खेप फुकट घालवू नका. शिवाय एलएचएम लिटरच्या डब्यात येतं, तुम्हाला दोन्ही ब्रेकना मिळून 100 मिली तेल भरपूर झालं.

पारसिक_चढ:

दादा, मी तेलाच्या भानगडीत तुमच्या पहिल्या परिच्छेदाकडे दुर्लक्ष केलं. आत्ता पुन्हा वाचलं. सायकल उलटी केल्यावर ब्रेक गेला, त्याआधी ठीक होता ना? मग तेल खराब झालेलं नाही, नळीत हवा शिरली आहे. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे दट्टे बाहेर येतात आणि टाकीतलं तेल खाली उतरतं. रिकाम्या जागेत हवा जमते. सायकल सरळ असते तोवर ती वर गप्प बसते. उलटी केली की हवा भोकापाशी येते आणि तुम्ही लिव्हर दाबला की आत जाते.

तेव्हा आज रात्री एवढं करा. सायकलचं पुढचं चाक दोन-तीन विटांवर चढवा, म्हणजे मागच्या कॅलिपरपासून लिव्हरपर्यंत नळी चढती राहील. लिव्हर वीस-पंचवीस वेळा हलकेच दाबा आणि सोडा, नळीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत. मग जुन्या ट्यूबची पट्टी कापून लिव्हर हँडलला बांधून ठेवा. सकाळी सोडा आणि पुन्हा हलके दाबा. बुडबुडे टाकीत परततात. ब्रेक पुष्कळसा परत येईल.

पण टाकी अर्धी आहे ती आहेच, भरावी लागेल. आणि त्याआधी पॅड बघा, रबराइतकंच ते महत्त्वाचं. पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, अर्धा मिलिमीटर उरला की शिमानो बदलायला सांगते. झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरलीत तर नवे पॅड घालताना दट्टे मागे ढकलायला जागाच उरणार नाही. वाशीला सेक्टर 17 च्या बाजूला जाणार असाल तर कळवा, माझ्याकडे शिमानोच्या तेलाची लिटरची बाटली आहे, 60-70 मिली काढून देते. सोबत फनेल आणि ब्लीड करताना पॅडच्या जागी घालायचा पिवळा ब्लॉकही न्या.

वर्तकनगरकर:

सोमवार रात्र. सगळं सविस्तर लिहितो.

लिव्हर बांधून ठेवला, सकाळी सोडला तर अर्ध्यावर थांबला. मला स्वतःलाच खरं वाटेना, तीनदा दाबून पाहिला. शुक्रवारी वाशीला ताईंकडून तेल आणलं, पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. मागचे पॅड काढले तर मसाला जेमतेम पत्र्याच्या वर दिसत होता. नवे आणले.

शनिवारी दुपारी गॅलरीत सायकल बांधली. पॅड आधी काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आतल्या खोलीत ठेवले, तेलाचा हात लागू नये म्हणून. दट्टे मागे ढकलले, ब्लॉक घातला, लिव्हर आडवा केला, वर फनेल. खालून सिरिंजने तेल चढवलं. आधी फनेलमध्ये काळपट पाणी आल्यासारखं जुनं तेल आलं, मग मोहरीएवढे बुडबुडे, मग बराच वेळ काहीच नाही आणि अचानक एक मोठा, हरभऱ्याएवढा. तो फुटला आणि लिव्हर दाबला तर बोटाखाली दगडासारखा. लिव्हर थोडा वर, थोडा खाली असा कलवून पाहिला, आणखी दोन बारीक आले. झाकण लावताना तेल काठावरून सांडेपर्यंत भरलं. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. मुलगी नळीवर टकटक करायला होती, मोठ्या बुडबुड्याला तीच ओरडली.

काल येऊरला गेलो. नवे पॅड बसावेत म्हणून आधी उपवनपाशी सपाट रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन हळू केलं, मग चढलो. उतरताना मुलगी पुढे, मी चार सायकलींच्या अंतरावर. वळणावर एक रिक्षा वर येत होती, तिने ब्रेक लावला, मी लावला. लिव्हर हँडलच्या दोन बोटं अलीकडेच थांबला.

ताई, फनेल आणि ब्लॉक बुधवारी परत आणून देतो. तिच्या सायकलचे ब्रेक केबलचे आहेत, मागची केबल घरी आल्यावर पाहिली तर ती आवळणाऱ्या पिन्च बोल्टपाशी दोन तारा तुटलेल्या निघाल्या. ती बदलायला इनर केबल 1.6 मिमीचीच घ्यायची ना?

पारसिक_चढ:

हो, ब्रेकची इनर 1.6 किंवा 1.5. गिअरची 1.2 ची असते, ती ब्रेकला कधीच नको. सपाट हँडल असेल तर टोकाला पिंपासारखी गोल गुंडी असलेली घ्या, रोड बाइकची नासपतीसारखी असते ती बसणार नाही. नवी केबल येईपर्यंत तिला उतारावर नेऊ नका. बुधवारी सातनंतर या, मी घरीच आहे.