ऑइल गाळणाऱ्या जुन्या ओम्नीचं इंजिन उघडावं का?

रामबागकर (धागाकर्ता)

आमची मारुती ओम्नी २००७ ची. घरची गाडी, पण निम्मं काम भजनी मंडळाचं: पेटी, तबले, चार-पाच ज्येष्ठ मंडळी आणि उज्जैन नाहीतर ओंकारेश्वर. मधली बरीच वर्षं एलपीजीवर चालली, आता पेट्रोलवर आहे. हल्ली ऑइल गाळते. रात्री उभी केली की सकाळी फरशीवर डाग, आणि महिन्याकाठी अर्धा लिटर वरून घालावं लागतं. गळती दोन जागी दिसते: टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) कडेनं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून. मिस्त्री म्हणतात, इंजिनचं कामच काढा. बोरिंग (म्हणजे सिलिंडर आतून खरवडून मोठे करणं), पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळं मिळून ४० हजार.

माझं मत, काम करून घ्यावं. पत्रा शाबूत आहे, खालून गंज नाही. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, आता नवी मिळायची नाही. सरकत्या दारातून आमची गुडघेदुखीवाली मंडळी आपापली चढतात-उतरतात. आणि भरल्या गाडीनिशी ओंकारेश्वरच्या वाटेवरचा भेरूघाट चढताना मला धाकधूक नको. कुणाचं उलट मत असेल तर कारणासकट सांगा.

लोकमान्यनगर

काका, आत्ता तरी इंजिन उघडू देऊ नका. गळणं वेगळं आणि झिजणं वेगळं. नळाचं वॉशर गेलं म्हणून कुणी टाकी पाडत नाही. टॅपेट कव्हरचं गॅस्केट रबरी असतं, उष्णतेनं कडक होतं आणि ऑइल सोडतं. ते बदलणं तासाभराचं काम. सांध्यातून येतंय ते बहुतेक क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या सीलमधून. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी लागते, पण पिस्टनला हातही लावावा लागत नाही.

बोरिंगचा निर्णय फरशीवरच्या डागावरून करायचा नसतो. सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा उतारावरून पाय काढून पुन्हा रेस दिल्यावर निळा धूर येतो का? गरम इंजिन स्लोवर असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो का? तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, किती? यातलं काहीही न मोजता ४० हजार सांगितले असतील तर तो नुसता अंदाज आहे.

इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही बघून घ्या. तो काजळीनं तुंबला की आतली हवा कोंडते आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलते. कित्येकदा दुखणं तेवढंच असतं.

सुदामानगर

मला दोघांचंही पटत नाही. चर्चा इंजिनवर चाललीय आणि गाडीत बसणार कोण, तर सत्तरीची माणसं. ओम्नीत पुढे बॉनेट नाही, एअरबॅग नाही, एबीएस नाही. समोरून धडक बसली तर पहिले चालकाचे गुडघे. ही गाडी बंद झाली तीच नव्या सुरक्षा-नियमांत बसवणं शक्य नव्हतं म्हणून. त्यात इंजिन पुढच्या सीटखाली. गळकं ऑइल तापल्या सायलेन्सरवर पडलं की धूर आणि वास थेट केबिनमध्ये.

आता खर्च. खासगी चारचाकीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. तुमचं २०२२ मध्ये झालं असणार, पुढचं २०२७ मध्ये. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० चं ५,००० झालं, आणि २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. दादा, हे ४० हजार आणि विकून येतील ते पैसे मिळून चांगल्या अवस्थेतल्या जुन्या मारुती इको व्हॅनला हात घालता येईल. सरकतं दार तिलाही आहे.

पोलोग्राउंड

आमचं घरचं लेथचं काम आहे, म्हणून बोलतो. लोकमान्यनगरवाल्या दादांची तपासणी बरोबर, पण एवढ्या वर्षांच्या इंजिनात सील एकटं जात नाही. मागचं बदललं की सहा महिन्यांत पुढचं गळणार, मग कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं). ही पुढची दोन टायमिंग बेल्टच्या अंगाला आहेत. बेल्टला ऑइल लागलं की तो फुगतो, दात सोडतो, आणि गाडी घाटात मध्येच बंद. गिअरबॉक्स उतरणारच असेल तर इंजिन टेबलावर घ्या, बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीची, झीज मोजा, लागलं तर ०.२५ नाहीतर ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाका. एकाच मजुरीत सगळं होईल.

एक गोष्ट मात्र करू नका. जुन्या बाजारातून तयार इंजिन उचलून बसवू नका. ते आतून कसं आहे कुणी सांगू शकत नाही, आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो. नाही चढवला तर इन्शुरन्सला आणि नूतनीकरणाला अडतं.

रामबागकर

कॉम्प्रेशन मोजून आणलं. पहिला १२ किलो, दुसरा साडेअकरा, तिसरा ९. तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर जेमतेम साडेनऊ. निळा धूर नाही, ऑइलचा दिवाही शांत. मिस्त्री म्हणतात, बघा, एक सिलिंडर गेलाच.

सुदामानगरच्या ताई, सुरक्षेचं तुमचं म्हणणं मी घरी वाचून दाखवलं. लांबच्या हायवेला ही गाडी न्यायची नाही एवढं ठरवलं आहे. पण विकायची नाही.

लोकमान्यनगर

मिस्त्रींनी उलटा अर्थ लावला. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइल सोडल्यावर आकडा चांगला वर गेला असता, कारण ऑइल रिंगांची फट तात्पुरती बुजवतं. तुमचा हलला नाही, म्हणजे गळती वर आहे, व्हॉल्व्हपाशी. एलपीजीवर एक्झॉस्टची सीट (धूर सोडणारा व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) लवकर झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली, फट कमी होते. फट उरली नाही की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. आधी थंड इंजिनवर टॅपेट सेट करून पुन्हा मोजा. खर्च जवळजवळ नाहीच. तरीही ९ च राहिला तर हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून व्हॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं. बोरिंगचा इथे काही संबंध नाही.

पोलोग्राउंड

टॅपेटचं मान्य, आधी तेच करा. पण हेड नवं केलं आणि खालच्या रिंगा जुन्याच ठेवल्या तर वरचं दाब धरतं आणि खालून ऑइल जळायला लागतं. अशी गिऱ्हाइकं आमच्याकडे परत येतात.

लोकमान्यनगर

ती गिऱ्हाइकं आधीच धूर काढणारी असतात. यांच्या दोन सिलिंडरना १२ आणि साडेअकरा आहे. त्या बोअरवर कटर फिरवायचा म्हणजे धड असलेली धातू खरवडून टाकायची. मला ते पटणार नाही.

सुदामानगर

माझं मत बदललेलं नाही, पण काम करणारच असाल तर हायवेचा शब्द पाळा. आणि गाडी हाती आली की पहिले ब्रेक तपासा, मग भजन.

रामबागकर

टॅपेट सेट केले. तिसरा ११ वर आला. बोरिंग रद्द. मागचं, पुढचं आणि कॅमचं, तिन्ही सीलं, टॅपेट कव्हरचं गॅस्केट, टायमिंग बेल्ट, आणि गिअरबॉक्स उतरतोच आहे तर क्लच प्लेट. सामान छोटी ग्वालटोलीच्या बाजारातून मीच आणणार.

पोलोग्राउंड

तुमची गाडी, तुमचा निर्णय. मी असतो तर उघडलं असतं. फक्त मागचं सील काढल्यावर क्रँकवर जिथे सीलचं ओठ घासतं तिथे नख फिरवून बघा. नख अडलं तर खाच पडलीय. मग नवं सील जुन्या रेषेवर बसवू देऊ नका, हाऊसिंगमध्ये जागा असेल तेवढं मिलिमीटरभर आत-बाहेर घ्या, नाहीतर नवंही महिनाभरात गाळेल. सील ठोकायच्या आधी ओठाला ऑइल लावा. हे काम चालू असताना स्वतः उभे राहा.