मदत हवी आहे: सासऱ्यांना समाजवादी नेते राममनोहर लोहियांची कोठडी दाखवायची आहे (आग्वाद, मडगाव, असोळणे)

डिचोलीकरीण:

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बारा वर्षं डिचोलीत आहोत. सासरे जूनमध्ये मिरजेहून येणार आहेत. जन्मभर शाळामास्तर आणि राष्ट्र सेवा दलवाले. जन्म 1946चा, म्हणून ‘लोहिया गोव्यात आले त्या सालचा मी’ हे वाक्य आमच्या घरात पाहुण्यांना चहाबरोबर मिळतं.

मागच्या डिसेंबरात मी घोळ घातला. मोबाईलवर ‘आग्वाद किल्ला’ टाकलं आणि नकाशा नेईल तिथं गेलो. बाबांचा उजवा गुडघा ऑपरेशनचा. तरी काठी टेकत, त्या तांबड्या चिऱ्यांवरून उन्हात सगळं फिरले. दीपगृह बघितलं, मधलं पाण्याचं टाकं बघितलं. कोठडी काही सापडेना. बाहेर शहाळेवाल्याला विचारलं, “लोहियांना कुठं ठेवलं होतं?” त्यानं शांतपणे शहाळ्याला एक घाव घातला आणि म्हणाला, “खंयच्या हॉटेलात उतरल्यात ते?” बाबा हसले, पण गाडीत बसल्यावर डिचोलीपर्यंत गप्प होते.

रात्री जेवताना मग त्यांनी सगळं सांगितलं. लाहोरच्या किल्ल्यात इंग्रजांचा छळ सोसून सुटलेला माणूस बर्लिनच्या दिवसांतल्या मित्राकडे, डॉ. ज्युलियांव मिनेझिसांकडे, असोळण्याला विश्रांतीला येतो. इथं पोर्तुगीजांच्या राज्यात बघतो तर सभेला बंदी, छापण्याला बंदी, लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यायची. विश्रांती राहिली बाजूला, 18 जूनला भर पावसात मडगावात सभा. अंमलदारानं पिस्तूल काढलं तर त्याचा हात बाजूला सारला.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पणजीत अठरा जून रस्त्यावर मी बारा वर्षं काजू आणि साड्या घेतेय. ही तारीख कसली, असं एकदाही मनात आलं नाही.

तर विचारायचं असं. कोठडी नेमकी कुठं, आणि गुडघेवाल्या माणसाला तिथं जाता येईल का? मडगावला 18 तारखेलाच जावं की टाळावं? असोळण्याला बघण्यासारखं काही आहे? बरोबर आठवीतला मुलगा असेल, तो अर्ध्या तासात कंटाळतो हेही धरून सांगा.

समुद्रकाठी:

ताई, तुम्ही वरच्या किल्ल्यावर गेलात. निम्मे लोक हेच करतात. तुरुंग खाली, अगदी पाण्याला लागून. कांदोळीहून सिकेरीकडे आलात की खालचा रस्ता धरायचा, वर चढायचंच नाही. नकाशात ‘आग्वाद पोर्ट अँड जेल कॉम्प्लेक्स’ असं टाका. 2015 पर्यंत तिथं खरे कैदी होते, मग ते कोलवाळला हलवले. गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली तेव्हा, म्हणजे डिसेंबर 2021 मध्ये, संग्रहालय म्हणून उघडलं. लोहियांची आणि मुक्तिलढ्यातले गोव्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांची अशा दोन कोठड्या खास राखल्या आहेत.

एक मात्र बाबांना आधीच सांगा, नाहीतर तिथं उभं राहून वाद घालतील. 18 जूनच्या अटकेनंतर लोहिया आग्वादला नव्हते. तेव्हा त्यांना दुसऱ्याच दिवशी सोडलं आणि गोव्याबाहेर घालवलं. सप्टेंबरअखेर ते पुन्हा आले, कुळे स्टेशनवर पकडले गेले, आणि मग आग्वाद.

आणि पावसात वरच्या किल्ल्याकडे फिरकूही नका. चिऱ्यांवर शेवाळ धरतं, धडधाकट माणसं आपटतात.

मडगावचो:

लोहिया मैदान भर शहरात आहे, पुतळा आहे, चढउतार काही नाही. 18 जून हा क्रांतिदिन, त्यामुळे सकाळी पुष्पचक्रं, पोलीस, मंत्र्यांच्या गाड्या. बाबांना गर्दीत धक्के खायचे नसतील तर दुपारनंतर या. हारांची फुलं पावसानं भिजून पुतळ्याच्या पायाशी चिकटलेली असतात, माणूस कोणी नसतो. मला तीच वेळ आवडते. गाडी मात्र लांब लावून रिक्षानं या, बाजारात पार्किंग शोधणं हाच एक सत्याग्रह आहे.

असोळण्याचं घर खाजगी आहे, बाहेरून बघून यायचं. पण मुलासाठी त्याच वाटेवर कुंकळ्ळीला थांबा. 1583 मध्ये पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारलं. त्यांचं स्मारक आहे. आठवीतला मुलगा ही गोष्ट ऐकून कंटाळला तर मला सांगा.

सीमेवरची:

पणजीत आझाद मैदान चुकवू नका, तुमच्या साड्यांच्या रस्त्याजवळच आहे. तिथल्या जुन्या खांबांच्या मंडपात पूर्वी गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा उभा होता. आता तिथं कुन्हांचं स्मारक आहे. पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला. हे एवढं मुलाला दाखवलंत तरी पुष्कळ.

बाबा सेवा दलाचे म्हणताय, तर गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला न्याच. 15 ऑगस्ट 1955 ला पोर्तुगीजांनी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या ती जागा. पनवेलचे हिरवे गुरुजी त्याच सत्याग्रहात पडले. बाबांच्या वयाच्या मास्तरांना ते नाव सांगावं लागणार नाही. एका दिवसात सगळं कोंबू नका हो, उत्तरेचं वेगळं आणि दक्षिणेचं वेगळं करा.

समुद्रकाठी:

आणखी एक सुचलं. बाबा मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं येणार असतील तर गाडी लोंढ्यावरून घाट उतरून कुळ्यालाच थांबते. वेगळं जायला नको. झोपले असतील तर फोन करून उठवा.

डिचोलीकरीण:

सर्वांचे मनापासून आभार. ठरलं असं: 18 ला दुपारनंतर मडगाव, तिथून पुढं कुंकळ्ळी आणि असोळणे. दोन दिवस गुडघ्याला विश्रांती. मग आग्वाद (खालचं!) आणि परतताना आझाद मैदान. पत्रादेवी शेवटी, नवऱ्याला सुट्टी असेल तेव्हा.

सप्टेंबरचं बाबांना फोनवर सांगितलं. आधी “कोण म्हणतं?” मग बराच वेळ काही नाही, मग कपाट उघडल्याचा आवाज, आणि पाच मिनिटांनी, “बरोबर आहे त्यांचं.” कुळ्याला उठवू का विचारलं तर म्हणाले, मी जागाच असतो.

आता नवीनच सुरू झालंय. मिरजेहून येताना कुळ्याचा फलाट डाव्या हाताला येतो की उजव्या? त्यांना त्याच बाजूची खिडकी हवी आहे, आणि तिकीट उद्या काढायचंय.