कार्यक्रमातून निधी किती जमला : कार्यकारिणीला कुठला आकडा सांगायचा?

हिशेबनीस_फोंडा
राजीव गांधी कला मंदिरात संस्थेच्या मदतीसाठी नाटक लागलं की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ‘4 लाख जमले’ फिरतं. कार्यकारिणीपुढे हा आकडा एकटा जाता कामा नये. समजा तिकिटं 1,20,000, स्मरणिकेच्या जाहिराती 2,00,000, देणग्या 80,000. मानधन, सभागृह, ध्वनी-प्रकाश, छपाई, चहापाणी मिळून खर्च 2,30,000. म्हणजे उरले 1,70,000. त्यात जाहिरातींचे 90,000 यायचे असतील तर हातात फक्त 80,000. हे तिन्ही आकडे आठ दिवसांत एका पानावर हवेत.

सचिव_म्हापसा
आठ दिवसांत? स्मरणिका हातात पडल्याशिवाय जाहिरातदार चेक काढत नाही, आणि प्रयोग गणेश चवथीच्या तोंडावर असला तर पुढचे पंधरा दिवस कोणी फोनसुद्धा घेत नाही. घाईचा अहवाल पुढच्या सभेत बदलावा लागतो, इतिवृत्तात दोन आकडे राहतात आणि सभासद नेमकं तेवढंच धरून बसतात. महिन्याने द्या, पण पक्का द्या. आणि नुसती शिल्लक कसली मोजता? पहिल्यांदाच देणारे किती, तेही लिहा. पुढच्या वर्षी तेच कामाला येतात.

खजिनदार_डिचोली
महिनाभर थांबलात तर तिकिटांचा मेळ कायमचा गेला. दिलेली तिकिटं = विकलेली + मानाच्या प्रवेशिका + परत आलेली. हे तिकीटपुस्तकांच्या स्थळप्रतींवरून त्याच आठवड्यात जुळतं. नंतर पुस्तकं कोणाच्या स्कूटरच्या डिकीत आहेत तेही कळत नाही. स्वयंसेवकाच्या स्वतःच्या जीपेवर आलेले पैसेही तेव्हाच संस्थेच्या खात्यात वळते करून घ्यावेत.
दुसरं, तिकीट म्हणजे देणगी नव्हे, त्यावर 80जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत देणारी, पावती फाडू नका. जाहिरातीचंही तेच. 2,000च्या वर रोख दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला वजावट मिळत नाही, हे पैसे घेतानाच सांगायचं. देणग्यांचं विवरणपत्र 31 मेपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे पॅन न दिलेल्यांची यादी अहवालालाच जोडा.

सचिव_म्हापसा
तिकिटांचं पटलं. पण सभागृहाची अनामत खर्चात धरून नफा कमी दाखवणारे अहवाल मी पाहतो, त्याचं काय? घाईत हेच होतं.

हिशेबनीस_फोंडा
तो घाईचा दोष नाही, अनामत ‘येणे’मध्ये लिहायची असते. पानावर ठळक ‘अंतरिम’ लिहा, येणे रकमेपुढे जाहिरात आणणाऱ्या सभासदाचं नाव घाला. नाव छापलं की वसुली बरोबर होते.

सचिव_म्हापसा
नाव छापलंत तर पुढच्या वर्षी जाहिराती आणायला कोण येणार?