साकुरासाठी २८ मार्चच्या तारखा घ्यायच्या का?

नंदूकाका: टूरवाल्याने २८ मार्च ते ४ एप्रिल दिलंय, सगळे दिवस टोकियोत. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, नक्की दिसेल म्हणतो. अश्विनी, तू तिथे राहतेस, तुझं मत सांग. संध्याकाळपर्यंत त्याला कळवायचंय.

अश्विनी: काका, नक्की असं कुणालाच सांगता येत नाही. इथे यासुकुनी मंदिराच्या आवारात हवामान खात्याचं ठरलेलं झाड आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की टोकियोचा बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. २०२३ला तो २२ मार्चलाच आला, म्हणजे २८ला पाकळ्या गळायला लागल्या होत्या. २०२४ला उलट, बहर सुरू झाल्याचंच २९ मार्चला जाहीर झालं!

मेधाआत्या: अगं पण सगळी झाडं एकदम कशी संपतात? मागेपुढे काही नाही?

अश्विनी: आत्या, शहरातली बहुतेक झाडं सोमेइ योशिनो या एकाच जातीची, आणि सगळी कलमं. आपला हापूस कसा कलमानेच वाढवतात, तसंच. त्यामुळे एका भागातली सगळी बरोबर फुलतात आणि आठवडाभरात बरोबरच झडतात. पावसावाऱ्याचा एक दिवस आला की तेवढंही नाही. म्हणून सगळे दिवस एकाच शहरात घालू नका, एवढं माझं ऐका.

नंदूकाका: मग काय करायचं?

अश्विनी: २ एप्रिलला निघा. आधी टोकियो. चिदोरिगाफुचीला राजवाड्याच्या खंदकात वल्ह्याची होडी मिळते, फांद्या पार पाण्यापर्यंत वाकलेल्या असतात. तिथला बहर ओसरला असला तर शिंजुकु ग्योएन बागेत जायचं, तिथे उशिरा फुलणाऱ्या जातीही आहेत. मग क्योटो. तिथल्या निन्नाजी देवळातली ओमुरो साकुरा मुळातच उशिराची आणि झाडं बुटकी. आत्याला मान वर न करता फुलं बघता येतील. तिथून योशिनोचा डोंगर. सुमारे तीस हजार झाडं, बहुतेक रानटी जातीची, फुलांबरोबर कोवळी तांबूस पालवीही येते. पायथ्याशी आधी फुलतं आणि बहर वर वर सरकत जातो. खाली संपलं तरी वर काहीतरी सापडायची आशा असते. मला तर शहरातल्या कुठल्याही बागेपेक्षा योशिनो जास्त आवडतं.

मेधाआत्या: दादा, माझे गुडघे आहेत हो. डोंगर झेपेल का?

अश्विनी: हंगामात मधल्या टप्प्यापर्यंत बस असते. रांग मोठी असते, सकाळी लवकर जायचं. पुढे चढू नकोस, तिथूनही अख्खी दरी दिसते.

रोहन: ताई, ईशाची परीक्षा एप्रिलच्या शेवटी संपते. आम्हाला काहीच मिळणार नाही का?

अश्विनी: मिळेल की. तुम्ही उत्तरेला जा. होक्काइदोत हाकोदातेला गोर्योकाकु म्हणून चांदणीच्या आकाराचा किल्ला आहे, शेजारच्या मनोऱ्यावरून सगळा आकार फुलांनी भरलेला दिसतो. २९ एप्रिलपासून इथे सुट्ट्यांची गर्दी असते, हॉटेल आत्ताच बघ. थोडं आधी निघता आलं तर होक्काइदोच्या अलीकडचं हिरोसाकी शहर. तो सफरचंदांचा मुलूख, किल्ल्यातल्या साकुराची छाटणीही सफरचंदाच्या पद्धतीने करतात, त्यामुळे फुलांचे घोस भरगच्च येतात. झडायला लागलं की खंदकाचं पाणी पाकळ्यांनी झाकून जातं.

मेधाआत्या: आणि खाण्याचं? मी अंडंसुद्धा खात नाही.

अश्विनी: साकुरामोची खा, आत गोड पुरण आणि बाहेर साकुराचंच खारवलेलं पान. सूप मात्र विचारल्याशिवाय घेऊ नकोस, बऱ्याचदा त्यात माशाचा अर्क असतो. टोकियोतल्या निशी-कासाई भागात आपली भारतीय दुकानं आहेत, डब्याचं मी बघते. स्वेटर घे, फुलं आली तरी संध्याकाळी गारठा असतो. आणि सगळ्यांनाच सांगते, फोटोसाठी फांदी ओढायची नाही, झाड हलवायचं नाही. इथल्या लोकांना ते फार लागतं, आणि झाडालाही इजा होते.

नंदूकाका: ठरलं. २ ते ११ एप्रिल, टोकियो, क्योटो, योशिनो. टूरवाल्याला आत्ताच फोन करतो.

अश्विनी: काका, परतीचं विमान ओसाकाहून घ्यायला सांगा. योशिनोहून पुन्हा टोकियोला यायचा एक दिवस वाचेल.