आईचे वय ७८: मॅमोग्राफी पुढे चालू ठेवावी का?

प्रश्न:
माझी आई ७८ वर्षांची आहे. गेली अनेक वर्षे ती दर दोन वर्षांनी न चुकता मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) करून घेते आणि आजवरचे सर्व रिपोर्ट चांगले आले आहेत. मात्र तिचे हृदय आता अशक्त झाले असून एक जिना चढतानाही तिला मध्येच कठडा धरून थांबावे लागते. या वेळी डॉक्टरांनी तपासणीचा आग्रह धरला नाही. वयाबरोबर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे असताना तपासणी थांबवणे ही आमच्याकडून हयगय ठरेल का?

प्रतिसाद १:
हयगय मुळीच ठरणार नाही. धोका वाढतो हे खरेच आहे, परंतु तपासणीचा लाभ पदरात पडायला वेळ लागतो. मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासानुसार १००० स्त्रियांची तपासणी केल्यास त्यांतील एकीचा या रोगाने होणारा मृत्यू टळण्यासाठी सुमारे १० वर्षे जावी लागतात. त्रास मात्र लगेच सुरू होतो: फिल्मवर शंकास्पद सावली दिसली की पुन्हा फिल्म, मग बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणे), आणि रिपोर्ट हाती येईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. त्याहून गंभीर बाब अतिनिदानाची आहे. उतारवयातील बऱ्याच गाठी इतक्या संथ वाढतात की त्या आयुष्यात कधीच त्रास देणार नव्हत्या. पण एकदा सापडल्यावर शस्त्रक्रिया, गोळ्या, कधी रेडिएशन हे सारे मागे लागते, आणि अशक्त हृदयाच्या माणसाला ते सोसणे फार कठीण जाते. म्हणूनच अमेरिकन कॅन्सर सोसायटी प्रकृती उत्तम असेल आणि किमान १० वर्षांचे आयुष्य अपेक्षित असेल, तोवरच ही तपासणी सुचवते.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र केवळ वयाच्या आकड्यावर निर्णय होऊ नये. माझी मावशी आईंच्याच वयाची आहे, पण तिला एकही गोळी चालू नाही आणि ती रोज तासभर चालते; तिने तपासणी चालू ठेवली, ते मला योग्य वाटते. ७५ वर्षांपुढे लाभ किती, याचा पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये म्हटले. त्याचा अर्थ तपासणीवर बंदी आहे असा नाही. आईंना पूर्वी हा रोग होऊन गेला असेल, तर प्रश्नच वेगळा होतो.

प्रश्नकर्ती:
पूर्वी काहीही झालेले नाही. काल रात्री मी आईलाच विचारले; इतक्या दिवसांत ते सुचलेच नव्हते. ती शांतपणे म्हणाली, "काही सापडलं तरी मला आता ऑपरेशन नको. मग शोधायचं कशाला?"

प्रतिसाद १:
मग ही तपासणी थांबवणेच योग्य. परंतु गाठ हाताला लागली, स्तनाग्र आत ओढले गेले, त्यातून रक्त आले किंवा त्वचा आक्रसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. तेव्हाची मॅमोग्राफी रोगाच्या निदानासाठी असते, तिला वयाची अट नाही. शिवाय उतारवयात अनेकदा ऑपरेशनाऐवजी केवळ हार्मोनच्या गोळ्यांनीही गाठ आटोक्यात ठेवता येते, हे आईंना अवश्य सांगा.